समोरची कड

नाणं खराब करायलाही अक्कल लागते. लोकांना वाटतं, घातला हातोडा की झालं. हातोड्याने नुसता चेंदामेंदा होतो, आणि चेंदामेंदा झालेल्या नाण्याकडे बाई ढुंकूनही बघत नाहीत. मला तेवढ्याने भागत नाही. माझं नाणं त्यांनी सावकाश, उलटंसुलटं करून बघायला हवं असतं, म्हणून मी मेहनत घेतो.

बाई म्हणजे नाण्यांच्या दुकानातल्या तपासणीवाल्या बाई. दुकान त्यांच्या भाच्याचं. तो पुढे काउंटरवर जुनी नाणी आणि तिकिटं विकतो आणि मागच्या खोलीत दर शनिवारी बाई टेबल मांडून बसतात. टेबलावर मान वाकवता येणारा दिवा, जाड भिंग, छोटा मायक्रोस्कोप, वजनकाटा आणि मखमलीचा एक तुकडा. समोर एकच खुर्ची. कुणाला विचित्र दिसणारं नाणं सापडलं की तो ते घेऊन येतो, रांगेत उभा राहतो आणि नंबर आला की खुर्चीत बसतो. बाई नाणं बघतात आणि दोनपैकी एक निकाल देतात, 'टांकसाळीतलं' किंवा 'नंतरचं'. टांकसाळीतलं म्हणजे नाणं पाडतानाच चूक झाली. अशा नाण्यामागे शौकीन लोक वेडे होतात. नंतरचं म्हणजे बाहेर पडल्यावर जगाने त्याची जी काय वाट लावली ती. त्याला कुत्रं विचारत नाही. तपासणी फुकट असते, कारण क्वचित एखादं खरं निघालंच तर ते भाच्याला आधी बघायला मिळतं.

मी नेतो ती सगळी नंतरची असतात. मला ते बसण्याआधीच माहीत असतं, कारण ती मीच केलेली असतात.

पहिलं मात्र मी केलेलं नव्हतं. ही गेल्यावर काही महिन्यांनी आमचं कपडे वाळवायचं मशीन खडखडायला लागलं. मेकॅनिक आला, त्याने ड्रम बाहेर काढला आणि आतल्या फटीतून एक नाणं काढून माझ्या हातावर ठेवलं. कड जाडजूड होऊन आत वळलेली, अक्षरं कडेखाली गाडली गेलेली आणि नाणं मूळ आकारापेक्षा अंमळ लहान. "काका, हे दुर्मीळ असणार, कुणाला तरी दाखवा," तो म्हणाला. मला दुसरा उद्योग नव्हता. दाखवायला गेलो.

बाईंनी नाणं भिंगाखाली धरलं आणि मी काही सांगायच्या आत म्हणाल्या, "कपडे वाळवायच्या मशीनमध्ये होतं हे. फटीत अडकून गोल गोल फिरत राहिलंय. आपटून आपटून कड अशी जाड होते. एकदोन महिन्यांत नाही होत, वर्षं लागतात. मोठं कुटुंब दिसतंय तुमचं."

"दोघंच होतो," मी म्हणालो. "पण हिला धुवायची फार हौस. अंगावरचा शर्ट उतरवून घेऊन धुवायची."

बाई हसल्या नाहीत, पण त्यांनी नाणं पुन्हा एकदा फिरवून बघितलं. "मग त्यांनी भरपूर काम केलंय," त्या म्हणाल्या. "नंतरचं आहे." आणि मागच्या माणसाला पुढे बोलावलं.

रस्त्यावर आल्यावर माझ्या लक्षात आलं, की मी आज कुणाशी तरी हिच्याबद्दल बोललो. माणूस गेल्यावर लोक थोडे दिवस विचारतात, मग त्यांनाच अवघडल्यासारखं होतं आणि ते हवापाण्यावर येतात. ह्या बाईंनी नाण्याची कड बघून माझा संसार ओळखला होता. थोडा चुकीचा ओळखला, पण ओळखला.

तसा मी एकटा आहे म्हणायची सोय नाही. लेक आहे. लांब असते, रविवारी फोन करते. "बाबा, जेवलात? गोळ्या घेतल्या?" हो आणि हो. तेवढ्यात तिच्याकडे कुणीतरी बेल वाजवतं. शेजारी भला माणूस आहे, लिफ्टमध्ये भेटला की "काय, ठीक?" विचारतो आणि मी तोंड उघडेपर्यंत त्याचा मजला येतो. संध्याकाळी कधीकधी मी नुसता खाकरून बघतो, आवाज शाबूत आहे की बसला. लोक ह्याला विश्रांती म्हणतात. मला ती सहन होत नाही, हे सरळ सांगून टाकतो.

मी सबंध नोकरी कारखान्यात लेथवर काढली. निवृत्त झालो तेव्हा एक बेंच, वस्तू घट्ट आवळून धरायचा एक जुना व्हाइस आणि डबाभर कानशी एवढी इस्टेट घेऊन घरी आलो आणि सगळं बाल्कनीत मांडलं. ही म्हणायची, इथे कपडे वाळत घालायचे की लोखंड? बरीच वादावादी झाली. शेवटी बाल्कनी मी जिंकली आणि वाळवायचं मशीन तिने. ती गेल्यावर व्हाइसवर धूळ साचली होती. त्या शनिवारनंतर मी ती झटकली.

पहिल्यांदा दोन नाणी तोंडाला तोंड लावून व्हाइसमध्ये आवळली. एकाचं चित्र दुसऱ्यावर उलटं उमटलं. झकास दिसत होतं. ते बाईंपुढे ठेवलं आणि म्हणालो, "बघा बरं, काय झालंय याला."

बाई बोलायला लागल्या. टांकसाळीत कधीकधी पाडलेलं नाणं ठशालाच चिकटून बसतं आणि पुढच्या चकतीवर त्याचं उलटं चित्र उमटतं. पण ती चकती कोरी असते. "इथे खाली आधीचं चित्र चेपलेलं दिसतंय. म्हणजे नाणं पूर्ण झाल्यावर कुणीतरी दाबलंय. नंतरचं." मी प्रश्न विचारले, त्यांनी उत्तरं दिली. मागच्या माणसाने घसा खाकरला तेव्हा उठलो.

मग मी थांबलोच नाही. एक नाणं गॅसवर भाजलं, एक व्हिनेगरमध्ये बुडवून ठेवलं, एक चामड्यात गुंडाळून ठोकलं; धरायला दरवेळी व्हाइस होताच. प्रत्येक वेळी बाई त्या नाण्यावर काय काय गुदरलं ते सांगायच्या. खराब नाण्याला सांगण्यासारखं पुष्कळ असतं. हे रस्त्यावर पडलं होतं, टायरखाली आलं. हे कुणीतरी स्क्रू ड्रायव्हर म्हणून वापरलंय. मी केलेल्यांबद्दलही त्या तेवढ्याच मनापासून सांगायच्या.

एक पथ्य मी पाळलं. नाणं खरं आहे असं कधी म्हणालो नाही. रांगेत एकदा माझ्यापुढे जाड साखळी घातलेले एक गृहस्थ होते. त्यांनी घासून केलेलं नाणं आणलं होतं आणि ते टांकसाळीतलंच आहे म्हणून हट्टाला पेटले होते. बाईंनी दिवा बंद केला. "उठा," त्या म्हणाल्या. "खराब नाणं आणलंत तर माझा वेळ जातो. खोटं आणलंत तर माझं नाव जातं. पुन्हा या खुर्चीत बसू नका." गृहस्थ पाय आपटत गेले आणि परत दिसले नाहीत. मला ती खुर्ची गमावायची नव्हती. आठवड्यात तेवढं एकच ठिकाण होतं जिथे मी बसलो की समोर कुणी बोलायचं.

मग मी घास काढलेलं नाणं केलं. कडेचा चंद्रकोरीसारखा तुकडा कापून काढला, कानस फिरवली, पॉलिश पेपरने काप गुळगुळीत केला. बाईंनी ते बोटांत धरलं आणि घासाकडे न बघता त्याच्या बरोबर समोरच्या बाजूला बघितलं.

"इथे बघायचं असतं," त्या म्हणाल्या. "कोरी चकती धातूच्या पट्टीतून कापतात. पट्टी सरकायची राहिली, तर पुढची चकती आधीच्या भोकावर जाते आणि तिचा एक घास कमी येतो. मग ती कड उठवायच्या मशीनमधून जाते. ते मशीन दोन्ही बाजूंनी दाबतं. जिथे घास गेलाय तिथे दाबायला काही नसतं, म्हणून समोरच्या बाजूलाही जोर लागत नाही. तिथली कड उठतच नाही. आणि ठसा पडताना घासाजवळची अक्षरं त्या बाजूला ओढली जातात. तुमची समोरची कड ठणठणीत आहे. अक्षरंही सरळ."

मी मान डोलावली. नाणं परत देताना, वर न बघता, त्या म्हणाल्या, "आणि व्हाइस बदला. डाव्या जबड्याला एक खाच आहे. ती प्रत्येक नाण्यावर येते."

माझे कान तापले. बसल्या जागी चोर पकडला गेला म्हणजे कसं वाटतं ते कळलं. "कधीपासून माहीत आहे?" मी विचारलं.

"तिसऱ्या नाण्यापासून. खरं आहे असं म्हणाला असतात तर तेव्हाच उठवलं असतं. तुम्ही म्हणाला नाहीत. मला वाटलं, कारागीर माणूस आहे, माझी परीक्षा बघतोय. बघू दे." आणि मागच्या माणसाकडे बघत म्हणाल्या, "हात चांगला आहे तुमचा."

त्या वाक्यावर मी पुढचे कितीतरी दिवस काढले.

नंतर एकदा औषधाच्या दुकानात गोळ्या घेतल्या आणि काउंटरवरच्या मुलीने सुटे पैसे हातावर ठेवले. बोटाला काहीतरी कमी लागलं. बघितलं तर एका नाण्याला घास होता. मी ते फिरवून समोरची बाजू बघितली. कड नव्हती. म्हणजे होती, पण हळूहळू खाली जात नाहीशी झाली होती, आणि पुढे पुन्हा वर आली होती. "काका, काही कमी आलं का?" मुलीने विचारलं. मी नाणं मुठीत धरून बाहेर पडलो.

घरी येऊन बाल्कनीत उजेडात धरलं. घासाजवळची अक्षरं त्याच्याकडे ओढली गेली होती. मी हयात कानस चालवण्यात घालवली, हत्याराची खूण मला अंधारातही सापडते. इथे एकही नव्हती. ह्याला कुणी हात लावलेला नव्हता. इतका आनंद मला बऱ्याच दिवसांत झाला नव्हता आणि तो कुणाला सांगू ते कळेना. लेकीला फोन लावला. रविवार नव्हता, त्यामुळे ती घाबरली. "बाबा, काय झालं? बरं आहे ना?"

"बरं आहे. एक नाणं मिळालं."

"बरं," ती म्हणाली. "मी गाडीत आहे. रविवारी बोलू या का?"

शनिवारी दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून गेलो. काय म्हणायचं ते वाटेत ठरवलं होतं. बाई, हे खरं आहे, एवढंच. खुर्चीत बसलो, नाणं मखमलीवर ठेवलं आणि तोंड उघडणार तोच बाईंनी ते उचललं. आधी समोरची कड बघितली. आणि त्या हसल्या. आजवर मी त्यांना हसताना बघितलं नव्हतं.

"ऐकत होतात म्हणजे," त्या म्हणाल्या. "कडही बसवलीत. अक्षरंसुद्धा ओढलीत. कमाल आहे."

त्यांनी नाणं मायक्रोस्कोपखाली सरकवलं आणि खूण शोधायला लागल्या. सापडली नाही. दिवा तिरका केला, पुन्हा शोधली. मग मायक्रोस्कोप बाजूला केला, कोपरं टेबलावर टेकली आणि माझ्याकडे बघितलं. नाण्याकडे नाही, माझ्याकडे. "कशाने दाबलीत? सांगा ना. इतकी वर्षं झाली, पहिल्यांदा मला खूण मिळत नाहीये."

आता काय बोलायचं? खरं आहे म्हणावं, तर मी आणि तो साखळीवाला एका माळेचे मणी. ज्याने आजवर सगळी स्वतः केली, त्याचं हेच एक खरं, हे कोण मानणार? त्यांनीच तर मला कडेचं गुपित सांगितलं होतं. आणि दुसरंही एक होतं. माझ्याकडे असं उत्सुकतेने कुणी बघितल्याला फार काळ लोटला होता.

"मीच केलंय," मी म्हणालो. "पण तोंडी सांगून नाही कळायचं. पुढच्या शनिवारी दुसरं करून आणतो, मग सांगतो."

"नंतरचं," बाईंनी निकाल दिला आणि नाणं माझ्या तळहातावर ठेवलं. "पण काय सुरेख नंतरचं."

दुकानाच्या दारापर्यंत मी हवेत होतो. कोपऱ्यावर येईपर्यंत उतरलो. आपण होऊन माझ्याकडे आलेली तेवढी एकच खरी वस्तू होती आणि मी तिला खोटी म्हणून बसलो होतो.

तो आठवडा मी बाल्कनीत काढला. व्हाइसच्या जबड्यांना पितळी पत्रा लावला. चामडं लावलं. लाकडी हातोडी घेतली. कड खाली बसायची, पण बसताना पसरायची. पसरलेली घासली की चमकायची. चमक मारली की खाली पुसट रेघा राहायच्या. मुळात न उठलेली कड वेगळी आणि उठवून मग दाबलेली वेगळी, हे माझ्या हातांना पहिल्याच दिवशी समजलं होतं. तरी मी करत राहिलो, कारण शनिवारी काहीतरी न्यायचं होतं. जितकी नाणी बिघडत गेली तितकं ते औषधाच्या दुकानातलं अधिकाधिक खरं ठरत गेलं. शुक्रवारी मी कानस खाली ठेवली. जावं की न जावं ह्यावर फार डोकं चालवलं नाही. न गेलो असतो तर दिवसभर काय केलं असतं?

शनिवारी मी सगळी फसलेली नाणी मखमलीवर मांडली आणि शेवटी ते औषधाच्या दुकानातलं ठेवलं. बाईंनी एकेक उचललं, बघितलं, बाजूला ठेवलं. चौथ्यापाचव्यावर त्यांचा हात थांबला. मग त्यांनी ते शेवटचं घेतलं.

"हे तुम्ही केलेलं नाही," त्या म्हणाल्या.

"नाही."

"मग मागच्या वेळी तसं का सांगितलंत?"

"खरं आहे म्हणालो असतो तर तुम्ही मला उठवलं असतं."

बाईंनी विचार केला. त्या कुणाला बरं वाटावं म्हणून काही बोलत नाहीत. "उठवलं असतं," त्या म्हणाल्या. "चूक माझी. नाण्याकडे बघायच्या ऐवजी माणसाकडे बघून निकाल दिला."

मग त्या मायक्रोस्कोपवर वाकल्या आणि बराच वेळ तशाच राहिल्या. मी वाट बघत होतो. त्या बोलल्याच नाहीत. एरवी ह्या खोलीत त्या सारख्या बोलत असायच्या, कुठे पडलं, कुणी ठोकलं, कशात अडकलं. ह्या नाण्यावर तसं काही गुदरलेलंच नव्हतं. जे व्हायचं ते पहिल्याच क्षणी झालं होतं आणि नंतर कुणी त्याला धक्का लावला नव्हता. सांगणार काय? मी आणलेल्यांतलं हे सगळ्यात मोलाचं होतं आणि ह्याच्यामुळेच मी तिथे मुका होऊन बसलो होतो.

"टांकसाळीतलं," शेवटी बाई म्हणाल्या आणि त्यांनी भाच्याला हाक मारली. भाचा धावतच आला. त्याने आजवर माझ्याकडे मान वर करून बघितलं नव्हतं, आता मला साहेब म्हणाला. नाणं पारदर्शक डबीत घालून तो पुढे घेऊन गेला, फोटो काढतो म्हणाला, विकायचं असलं तर आधी त्याला सांगा म्हणाला. मी हो हो केलं. मखमलीवर माझी बिघडलेली नाणी तेवढी राहिली. ती मी गोळा करून खिशात टाकली.

"येतो पुढच्या शनिवारी," मी म्हणालो.

"आता काय आणणार?" बाईंनी विचारलं. खवचटपणे नाही, सरळच विचारलं. "ह्याच्यानंतर आता खेळ संपला ना आपला."

"काही नाही आणणार. नुसताच येईन."

"नुसतं कशाला?"

मागच्या माणसाने पिशवी ह्या हातातून त्या हातात घेतली. मी काहीतरी गंमतीचं बोलून वेळ मारून नेऊ शकलो असतो, तेवढं मला येतं. पण आठवडाभर खोटं घडवून घडवून हात दुखत होते.

"घरी माझ्याशी बोलायला कुणी नाही, म्हणून," मी म्हणालो. "पहिल्यापासून त्याचसाठी येतो. परीक्षा वगैरे काही बघत नव्हतो तुमची."

बाईंनी भिंग खाली ठेवलं. माझ्याकडे बघत राहिल्या. हे खरं की केलेलं ते त्यांना ठरवायचं होतं, आणि माझ्या बाबतीत त्या एकदा चुकल्या होत्या, त्यामुळे घाई करत नव्हत्या.

"मग आधीच सांगायचं," त्या म्हणाल्या. "इतकी नाणी कशाला खराब केलीत?"

"आधी सांगितलं असतं, तर बसू दिलं असतंत?"

त्यांनी खिडकीकडे बघितलं, रांगेकडे बघितलं, पुन्हा माझ्याकडे.

"नाही," त्या म्हणाल्या.

मी उठलो, कारण खुर्ची एकच होती आणि मागचा माणूस कधीचा उभा होता. तो बसला. त्याने पिशवीतून एक काळं पडलेलं नाणं काढलं आणि बाई त्याला सांगायला लागल्या, की हे आगीत सापडलं असणार, घरात कधी काही जळलं होतं का. मी भिंतीला टेकून ऐकत उभा राहिलो. जा असं कुणी म्हणालं नव्हतं.